वेळेवर पोचलेली फ्रेम

पडद्याच्या कोपऱ्यात ‘६०’ हा आकडा दिसला की गेम गुळगुळीत चालला आहे, असं आपण धरून चालतो. त्या आकड्याच्या पोटात काय काय दडू शकतं, हे एका बेरजेने कळेल. समजा, एका सेकंदात साठ फ्रेम्स आल्या. त्यातल्या एकोणसाठ प्रत्येकी ८ मिलिसेकंद पडद्यावर राहिल्या आणि एक ५२८ मिलिसेकंद राहिली. एकोणसाठ आठे ४७२, त्यात ५२८ मिळवले की बरोबर १,००० मिलिसेकंद. सरासरी साठ, आणि हिशोब अगदी चोख. पण खेळणाऱ्याने त्या सेकंदाचा अर्ध्याहून अधिक भाग एकाच थिजलेल्या चित्राकडे बघण्यात घालवला आणि तेवढ्यात समोरच्याने त्याला टिपलं. सरासरीत प्रत्येक फ्रेमला एकच मत असतं, मग ती क्षणभर टिको की अर्धा सेकंद. डोळ्याच्या लेखी मात्र जी फ्रेम जास्त वेळ रेंगाळली तिचंच वजन जास्त. या पुस्तिकेचं सगळं म्हणणं या फरकातून निघतं: गेमला गचके बसतात तेव्हा पुष्कळदा कार्डाची ताकद कमी पडलेली नसते, फ्रेम वेळेवर पोचलेली नसते. या दोन तक्रारींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि काही वेळा तर एकमेकांच्या उलट आहेत.

पुस्तिका लिहिताना मोहोपाडा-रसायनी आणि एकूणच खालापूर-कर्जतकडचा वाचक डोळ्यांपुढे ठेवला आहे, तो नुसत्या गावप्रेमापोटी नाही. इथल्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्समध्ये किंवा पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या केलेल्या आहेत. रिअॅक्टरवर उभ्या असलेल्या ऑपरेटरला ‘पाळीभराचं सरासरी तापमान बरोबर होतं’ असं सांगून सुटका नसते. आठ तासांत चार मिनिटं तापमान चाळीस अंशांनी उसळलं, तर सरासरीत अर्धा अंशसुद्धा फरक पडत नाही, पण बॅच हातची जाते. म्हणून तिथे सरासरी कुणी विचारत नाही. आलेख बघतात, आणि त्यावरचं उसळलेलं टोक कुठे आहे, किती वेळ टिकलं, किती वेळाने पुन्हा आलं ते बघतात. फ्रेमच्या वेळेचा आलेख हा त्याच जातीचा कागद आहे. दुसरं कारण खिशाचं. इथल्या मुलाला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं तर पनवेलचं दुकान किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. जायला एक दिवस, भाडं वेगळं, आणि कार्ड बदलून घ्यायचं तर पुन्हा तेवढंच. गचक्याचं खरं कारण रॅमच्या रिकाम्या खाचेत असताना घरच्यांनी पंचवीस-तीस हजारांचं कार्ड आणून द्यावं आणि गचका जागच्या जागी राहावा, यासारखा मनस्ताप नाही.

चित्र कधीचं आहे आणि ते दाखवलं कधी, हा हिशोब महाराष्ट्राला नवा नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, एक छोटा चित्रपट केला. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा लावला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ टिपली. पडद्यावर ती मिनिटभराहून थोड्याच जास्त वेळात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. कर्ज देऊ शकणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेला हा खटाटोप, पण त्यात आपल्या विषयाचं मर्म आहे. अशा चित्रपटात दोन घड्याळं चालू असतात. एक टिपण्याचं, म्हणजे हे चित्र वाटाण्याच्या कोणत्या दिवसाचं, कोणत्या वेळेचं. दुसरं दाखवण्याचं, म्हणजे ते पडद्यावर कितव्या क्षणी आलं. मध्येच तीन दिवस चित्र टिपायचं राहून गेलं, तर प्रक्षेपक कितीही एकसारखा फिरवला तरी वेल त्या जागी टुणकन उडी मारणार. उलट टिपणं अगदी नेमाने झालं आणि प्रक्षेपकाचं हँडल फिरवणाऱ्याचा हात मध्ये अडखळला, तरीही उडीच. गुळगुळीत हालचाल दिसायची तर दोन्ही घड्याळं एका चालीने चालायला हवीत. गेममध्ये हेच काम सेकंदाला साठदा, शंभरदा करायचं असतं. शिवाय पुढचं चित्र कुठलं असेल ते आधी ठाऊक नसतं, कारण माऊस कुठे वळणार हे खेळणाराच ठरवतो. गेमचं इंजिन म्हणतं, ‘या क्षणी जग असं आहे’. प्रोसेसर त्याच्या आज्ञा कार्डाला देतो, कार्ड चित्र रेखतं, मॉनिटर आपल्या ठरलेल्या ठोक्याला ते दाखवतो. या साखळीत कुठेही कुणी अडलं की दोन घड्याळांमधलं अंतर बदलतं, आणि डोळ्याला तेवढं पुरतं.

इथे हमखास येणारा आक्षेप असा की चित्रपट सेकंदाला फक्त २४ फ्रेम्सचा असतो, तो कुठे अडकताना दिसतो? मग साठ आणि एकशे चव्वेचाळीसची चैन कशाला? आक्षेप वाजवी आहे, पण त्याचं उत्तर आमच्याच बाजूने जातं. चित्रपटाची प्रत्येक फ्रेम ४१.७ मिलिसेकंदांची, एकही मागे नाही, पुढे नाही. प्रक्षेपकाचा शटर तीच फ्रेम दोनदा किंवा तीनदा उजळतो, त्यामुळे लुकलुक जाणवत नाही. धावत्या माणसाचा हात त्या फ्रेममध्ये थोडा पुसट उमटलेला असतो, त्यामुळे एका चित्रातून दुसऱ्यात जाताना सांधा झाकला जातो. आणि बघणारा कॅमेरा स्वतः फिरवत नसतो, त्यामुळे हात आणि डोळा यांच्यातली तफावत जाणवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. याहून बोलका पुरावा दूरचित्रवाणीचा. आपल्याकडे दूरदर्शनचं प्रक्षेपण सेकंदाला २५ फ्रेम्सच्या पद्धतीचं होतं. अशा पद्धतीत २४ चा चित्रपट सहसा २५ ने पळवतात, म्हणजे तो चार टक्के घाईने चालतो, गाण्याचा सूरही किंचित चढतो. लाखो घरांत तो तसाच पाहिला जातो आणि कुणी हूं की चूं करत नाही. अमेरिकेत ६० च्या पद्धतीत २४ बसवण्यासाठी एक फ्रेम तीन ठोके, पुढची दोन ठोके, अशी दाखवावी लागते. तिथे वेग जवळजवळ अचूक राखला जातो, पण कॅमेरा आडवा सरकत जाणाऱ्या दृश्यात जाणकार डोळ्याला धक्के दिसतात. वेग सगळ्यांसाठी सारखा बदलला तर डोळा माफ करतो. ताल चुकला तर माफ करत नाही.

हीच गोष्ट साध्या ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर घरी पडताळता येते. असा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. व्ही-सिंक चालू असेल तर तयार झालेली फ्रेम पुढच्या ठोक्यापर्यंत थांबते. एखादी फ्रेम १७ मिलिसेकंदांत तयार झाली, म्हणजे केसभराने उशीर झाला, तरी तिचा ठोका हुकला. आधीचं चित्र आता ३३.३ मिलिसेकंद राहणार. व्ही-सिंक बंद केलं तर थांबणं जातं, पण चित्र मधोमध फाटतं: वरचा भाग जुन्या फ्रेमचा, खालचा नव्या. आता समजा कार्ड सरासरी ४५ देतंय. व्ही-सिंकखाली ते असं दिसतं: १६.७, १६.७, ३३.३, पुन्हा १६.७, १६.७, ३३.३. चार ठोक्यांत तीन फ्रेम्स, सतत लंगडत. त्याच कार्डाला ३० वर बांधून टाका, प्रत्येक फ्रेम ३३.३ ची. आकडा एक तृतीयांशाने घटला. डोंगराळ रस्त्यावर गाडी वळवताना चित्र मात्र शांत झालं. ज्याला ३० फारच मंद वाटतं त्याच्यासाठी ४० ही जागा दिसते त्यापेक्षा चांगली आहे, कारण ४० म्हणजे २५ मिलिसेकंद, आणि वेळेच्या मापाने ते ३० आणि ६० यांच्या अगदी मधोमध येतं. पण ६० हर्ट्झच्या ठरावीक ठोक्यांच्या मॉनिटरवर ४० बसत नाही. १२० वर बसतं, तिथे प्रत्येक फ्रेमला तीन ठोके मिळतात. दुकानदार मॉनिटरचा आकडा सांगतो तेव्हा त्याला कोणत्या संख्येने नीट भाग जातो, हे गिऱ्हाइकाने बोटांवर मोजून घ्यावं.

हे सगळं आज उघड वाटतं, पण ग्राफिक्स कार्डांचं परीक्षण करणाऱ्यांनी कित्येक वर्षं सरासरीवरच दुकान चालवलं. सप्टेंबर २०११ मध्ये ‘द टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंद फोडून आत बघायचं ठरवलं. प्रत्येक फ्रेमला किती मिलिसेकंद लागले याची नोंद घेऊन त्यांनी आलेख काढले, आणि सरासरीत शेजारी-शेजारी बसलेली कार्डं आलेखात अगदीच भिन्न निघाली. दोन कार्डं जोडून चालवायची तेव्हा फॅशन होती. एक फ्रेम हे कार्ड काढणार, पुढची ते. फ्रेम्स दुप्पट व्हायच्या, पण जोडीजोडीने यायच्या: दोन लागोपाठ, मग पोकळी, पुन्हा दोन लागोपाठ. मालकाला आकडा दुप्पट दिसायचा आणि डोळ्याला जवळपास जुनंच चित्र. तरीही वॉसन यांच्या मोजणीत एक फट होती. फ्रॅप्स हे साधन गेमने फ्रेम पुढे ढकलल्याची वेळ नोंदवायचं, पडद्यावर ती आली कधी ते त्याला कळत नसे. २०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट पुढे आणलं. त्यात प्रत्येक फ्रेमच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी चढवायची, मॉनिटरकडे जाणारं चित्र दुसऱ्या यंत्रावर रेकॉर्ड करायचं आणि मग रंग मोजायचे. कोणता रंग किती ओळी टिकला ते आपोआप समोर येतं. एएमडीच्या जोडकार्डांत काही फ्रेम्स पडद्यावर जेमतेम काही ओळींच्या चिंधीएवढ्या उमटत होत्या, तरी सरासरीत त्यांची गणना अख्खी फ्रेम म्हणूनच होत होती. एफकॅट प्रतिस्पर्धी कंपनीचं होतं, म्हणून त्यावर संशय घेणं स्वाभाविक होतं. पण रेकॉर्ड केलेलं चित्र कुणालाही तपासता येत होतं, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये एएमडीनेच फ्रेम्सच्या अंतराची शिस्त लावणारा ड्रायव्हर काढला तेव्हा वाद मिटला. जोडकार्डांची फॅशनही पुढे ओसरली. एनव्हिडियाने २०२१ च्या सुरुवातीपासून एसएलआय या आपल्या जोडकार्ड-पद्धतीसाठी नवी प्रोफाइल्स काढणं थांबवलं.

पुढचं पाऊल मॉनिटरने टाकलं. कार्डाने मॉनिटरच्या ठोक्याला नाचण्यापेक्षा मॉनिटरने कार्डाची वाट बघावी, हा विचार एनव्हिडियाने ऑक्टोबर २०१३ मध्ये जी-सिंक म्हणून मांडला. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने अॅडॅप्टिव्ह-सिंक डिस्प्लेपोर्टच्या मानकात घेतलं. एएमडीचं फ्रीसिंक त्यावरच उभं आहे. आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डंही अशा मॉनिटरांवर चालू लागली. त्यामुळे ही सोय आता स्वस्त मॉनिटरांतही मिळते, आणि माझ्या मते मर्यादित पैशांत पहिला खर्च कशावर करावा या प्रश्नाला हे एक प्रामाणिक उत्तर आहे. पण तिची मर्यादा विकणारा सांगत नाही. फ्रेम १७ ऐवजी २१ मिलिसेकंदांत आली तर असा मॉनिटर ते पोटात घेतो. फ्रेमला १५० मिलिसेकंद लागले तर मॉनिटर काय करणार? दाखवायला त्याच्याकडे दुसरं चित्रच नसतं.

आणि घरोघरी तक्रार असते ती या मोठ्या गचक्याचीच. त्याची मुळं बहुतेकदा कार्डाच्या चिपमध्ये नसून तिला दाणागोटा पुरवणाऱ्या वाटांत असतात. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की गेमचे पोत साध्या रॅममधून ओढून आणावे लागतात, आणि ती वाट कितीतरी पट अरुंद आहे. याचं गाजलेलं उदाहरण जीटीएक्स ९७०. सप्टेंबर २०१४ मध्ये ४ जीबीचं म्हणून आलेलं हे कार्ड. जानेवारी २०१५ मध्ये स्पष्ट झालं की त्यातली साडेतीन जीबी वेगवान आहे आणि उरलेली अर्धा जीबी बरीच संथ. सरासरीत हा दोष क्वचितच पकडला जायचा. मेमरी त्या सीमेपलीकडे गेली, की आलेखात खिळे उभे राहायचे. दुसरं उदाहरण आपल्या बाजारात जास्त लागू पडणारं. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी, मेमरी ४ जीबी आणि मदरबोर्डाशी बोलायला पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त चार वाटा. नव्या, चौथ्या पिढीच्या बोर्डावर चार वाटा पुरतात. तिसऱ्या पिढीच्या जुन्या बोर्डावर त्याच चार वाटांची रुंदी निम्मी होते. म्हणजे जो गिऱ्हाईक पैसे वाचवायला स्वस्त कार्ड घेतो आणि जुना बोर्ड तसाच ठेवतो, त्याच्याच माथी सर्वांत जास्त गचके. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची मायनिंगची पद्धत बंद झाली, त्यानंतर जुनी कार्डं सेकंडहँड बाजारात उतरली. त्यांतलं एखादं ८ जीबीचं जुनं कार्ड नव्या ४ जीबीच्या कार्डापेक्षा सम चालावं, यात नवल नाही. अर्थात असं कार्ड घेताना पंखे आणि थर्मल पेस्ट बघून घ्यावी. रॅमचंही तेच. असेंबल केलेल्या पीसीत ८ जीबीची एकच स्टिक एका खाचेत बसवलेली आणि शेजारची खाच मोकळी, हे दृश्य नेहमीचं. दोन स्टिक असत्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळाला असता. एकीवर तो वाट बघत बसतो, आणि त्याची वाट कार्ड बघतं. बायोसमध्ये रॅमचा छापील वेग चालू करायचा राहून जाणं हे याचंच धाकटं भावंड. दुसरी स्टिक कार्डाच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ खर्चात येते, बायोसमधला बदल फुकट होतो. पण दोन्ही गोष्टी सरासरीच्या आकड्यात फारशा चमकत नाहीत, म्हणून दुकानात त्यांची गोष्ट निघत नाही.

काही गचके मात्र गेम बनवणाऱ्यांनीच पेरलेले असतात, आणि तिथे आपल्या हातात थोडंच असतं. शेडर म्हणजे प्रकाश कसा पडेल, पाणी कसं चमकेल हे सांगणारे छोटे प्रोग्राम. ते प्रत्येक कार्डासाठी, प्रत्येक ड्रायव्हरसाठी वेगळे भाषांतरित करावे लागतात. गेम आणि ड्रायव्हर यांच्यातला नवा दुवा म्हणून २०१५ मध्ये डायरेक्टएक्स १२ आणि २०१६ मध्ये व्हल्कन आलं, तेव्हा ड्रायव्हर परस्पर करत असलेली पुष्कळ कामं गेमच्या शिरावर आली. ती आधीच उरकून घेतली नाहीत, तर पहिला स्फोट होतो त्या क्षणी गेम भाषांतराला बसतो आणि चित्र थिजतं. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ‘द कॅलिस्टो प्रोटोकॉल’ला याच कारणाने बोल खावे लागले. अशा गचक्याची ओळख सोपी: एका जागी एकदाच येतो, त्याच जागी दुसऱ्यांदा गेलात तर येत नाही. ड्रायव्हर बदलला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पण प्रत्येक गचक्यावर शेडरचं लेबल चिकटवायची सवयही वाईट. फेब्रुवारी २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये गचके होते आणि व्हाल्वच्या स्टीम डेकवर ते पुष्कळ कमी झाले, तेव्हा सगळे म्हणाले, शेडर आधी भाषांतरित करून पाठवले असणार. व्हाल्वच्या अभियंत्याचा खुलासा वेगळाच निघाला: मोठ्या गचक्यांचं मुख्य कारण शेडर नव्हतं. गेम काही जागी हजारोंनी छोटी साधनं एकदम मागत होता आणि मेमरी सांभाळणारा भाग त्या गर्दीत गुदमरत होता. दुरुस्ती तिथे केली. अनुभवी लोकांचाही अंदाज इथे चुकला होता. म्हणून पहिलं प्रकरण मोजण्याचं आहे, उपायांचं नाही. प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स ही साधनं फुकट मिळतात, दहा मिनिटांच्या खेळाची नोंद पुरते, आणि आलेखातले खिळे एकसारख्या अंतराने आहेत की नव्या जागी शिरताना येतात, एवढ्या एका प्रश्नाने निम्मं निदान होतं. ऑनलाइन खेळात समोरचा माणूस उड्या मारतो आणि आपला आलेख सपाट असतो, तेव्हा दोष इंटरनेटचा. ती वेगळी वाट आहे.

आपल्या भागात आणखी एक संशयित कायम उभा केला जातो: वीज. पावसाळ्यात तारांवर झाड पडतं, दिवे मंद होतात, आणि गेम अडकला की खापर महावितरणवर फुटतं. हा संशय बहुतेकदा चुकीचा आहे. पीसीतला पॉवर सप्लाय येणारी वीज आधी साठवतो आणि मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टची स्थिर धार करून देतो. व्होल्टेज बऱ्यापैकी खाली-वर झालं तरी ती धार बदलत नाही. वीज अगदीच क्षणभर गेली तर चांगला सप्लाय साधारण १६ मिलिसेकंद साठ्यावर तग धरतो, गंमत म्हणजे जवळपास एका फ्रेमएवढा. त्याहून जास्त गेली तर पीसी बंद पडतो किंवा रिस्टार्ट होतो. म्हणजे विजेचा दोष असला तर मशीन मरतं. अडखळत, लंगडत चालत नाही. उष्णतेचं मात्र तसं नाही. एप्रिल-मेमध्ये खालापूर-कर्जतच्या पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी कपाटात कोंबलेला कॅबिनेट, किंवा गादीवर ठेवलेला लॅपटॉप, आपली चाल खरोखर आवरती घेतो. कार्ड ठरावीक तापमानाजवळ पोचलं की स्वतःचा वेग पायरी-पायरीने उतरवतं. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि कार्ड एकाच नळीवर थंड होत असतील, तर एकाच्या तापाचा भार दुसऱ्यावर येतो, वेग वर-खाली हेलकावे घेतो, आणि आलेखात ठरावीक अंतराने दात दिसू लागतात. त्यावर उपाय पंखा, धूळ, आणि फ्रेम्सना वरची मर्यादा. ही शेवटची गोष्ट ऐकून लोक चमकतात. शंभर देऊ शकणाऱ्या कार्डाला साठवर बांधायचं म्हणजे पैसे वाया नाहीत का? नाहीत. कार्ड पुरतं न ताणता निवांत चालतं, तापत नाही, आणि एखादी अवघड फ्रेम आली तर तिला वेळेत उरकायला ताकद शिल्लक असते. फ्रेम्सना बांध घालणारं साधन म्हणून रिव्हाट्यूनर वर्षानुवर्षं वापरात आहे. हल्ली ड्रायव्हरमध्येही ती सोय असते.

यावर अनुभवी गेमर म्हणेल: बाबांनो, ही सगळी कसरत गरिबांची. ताकदवान कार्ड आणि प्रोसेसर घ्या, फ्रेम्स दोनशे होतील, मग कसले गचके? यात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. प्रत्येक फ्रेमचं काम लवकर उरकलं की किरकोळ उशीर ठोक्याच्या आत मावतो, माऊसची हालचालही लवकर पडद्यावर येते. स्पर्धेत खेळणाऱ्याला दोनशेचा खरा उपयोग आहे. पण डिस्कवरून माल यायला लागणारा वेळ किंवा गेमच्या आतली गर्दी महागड्या कार्डाने कमी होत नाही. ८० मिलिसेकंदांचा खिळा तेवढाच राहतो, आजूबाजूच्या फ्रेम्स मात्र पाच-पाच मिलिसेकंदांच्या होतात, आणि मग तो आधीपेक्षा जास्त बोचतो. दुसरा नवा युक्तिवाद कृत्रिम फ्रेम्सचा. २०२२ मध्ये एनव्हिडियाने डीएलएसएस ३ आणलं. त्यात दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक अंदाजाने काढलेली फ्रेम घातली जाते. आकडा दणदणीत वाढतो आणि संथ दृश्यं खरंच मऊ दिसतात. मात्र मधली फ्रेम काढायची तर पुढची खरी फ्रेम हाती येईपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे हाताला उत्तर उशिरा मिळतं. आणि खऱ्या फ्रेम्स लंगडत येत असतील तर त्यांच्या मधल्या फ्रेम्सही त्याच लंगड्या अंतरावर आधारलेल्या. आधीच सत्तर-ऐंशी सम फ्रेम्स असतील तर ही सोय घ्यावी. तीस अडखळत्या फ्रेम्सवर ती घालणं म्हणजे आकड्याची पूजा झाली.

तिसरा आक्षेप मला सर्वांत आवडतो, कारण तो मोजणाऱ्यांनाच टोचतो: आलेख सपाट आहे, तरी गेम झटके देतो, मग तुमच्या आलेखाचा उपयोग काय? ‘सीरियस सॅम’ बनवणाऱ्या क्रोटीमचे आलेन लादावाच यांनी २०१८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये याचंच उत्तर मांडलं. गेम प्रत्येक वेळी ‘आधीची फ्रेम काढायला किती वेळ लागला’ हे मोजतो आणि तेवढं जग पुढे सरकवतो. पण कार्डाची रांग आणि मॉनिटरचा ठोका यांच्यामुळे फ्रेम प्रत्यक्ष दिसते वेगळ्याच क्षणी. फ्रेम्स पडद्यावर बरोबर १६.७ मिलिसेकंदांनी येत असूनही आतलं जग एकदा १४ आणि एकदा १९ मिलिसेकंदांनी सरकलेलं असू शकतं. फाळक्यांच्या वाटाण्याचीच ही अडचण: प्रक्षेपक नेमाने फिरतोय, टिपणं मात्र वेळेवर झालेलं नाही. पडद्याचा आलेख हे पकडू शकत नाही, कारण तो दोनांपैकी एकच घड्याळ वाचतो. प्रेझेंटमॉनच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हे दुसरं घड्याळही मोजायचा प्रयत्न आहे. पण याची दुरुस्ती गेम बनवणाऱ्यानेच करायची. आपण फ्रेम्सना मर्यादा घालून रांग छोटी ठेवली, तर थोडा आराम पडतो, इतकंच. आणि ज्याला यातलं काहीच डोळ्याला खटकत नाही, त्याने आलेख उघडूच नये. एकदा ती रेषा दिसली की माणूस खेळायचं सोडून रेषेकडे बघत बसतो, हे या विषयाचं व्यसन आहे.

पुस्तिकेत फोनवरच्या खेळांना शेवटचं छोटं प्रकरण दिलं आहे. मोहोपाड्यात पीसीपेक्षा फोनवर खेळणारे कितीतरी जास्त असतील, हे खरं, आणि अँड्रॉइडसाठी फ्रेम्सच्या अंतराची शिस्त लावणारी लायब्ररी गूगलने काढलेली आहे. पण ती वापरायची की नाही हे गेमवाला ठरवतो, आणि फोनच्या मालकाने बदलण्यासारखं फार उरत नाही. चार्जिंगला लावून खेळू नये, जाड कव्हर काढावं, नव्वदऐवजी साठची निवड करावी. पीसीचं तसं नाही. त्याचं झाकण उघडतं, म्हणून पुस्तिकेची बाकीची सगळी पानं त्याला दिली आहेत, आणि दुसऱ्या प्रकरणाचं पहिलं काम म्हणजे ते झाकण उघडून रॅमच्या किती खाचा भरल्या आहेत ते बघणं.